प्रिंटरवरचा संप

बाबांनी माझ्याविरुद्ध संप केला तो एका शनिवारी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कामगार संघटनेच्या ऑफिसात. कारण होतं प्रिंटरची रांग. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कुठलाही संप झाला तर आपण कोणत्या बाजूला उभ्या असू, याबद्दल मला तोवर कधी शंका आली नव्हती.

येणार कशी? मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला तेव्हा दुसरीत होते. वर्गातली इतर मुलं जोडाक्षरं 'चक्र' आणि 'पत्र' यांवरून शिकली, मी 'व्यवस्थापन' आणि 'धिक्कार' यांवरून शिकले. घरात कोरा कागद नसायचा. खराब निघालेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यांच्या पाठीवर मी गणितं सोडवायची. एकदा बाईंनी गणिताला शून्य दिलं आणि पान उलटून, मागच्या मजकुरातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल शाईने सुधारून पाठवली. बाबांनी ती पुढच्या पत्रकात दुरुस्त केली. माझ्या शून्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

ती पत्रकं बाबाच काढायचे. गिरणीत ते साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. संपानंतर त्यांना गिरणीत परत घेतलं नाही. तो संप रीतसर मागे घेतला असंही कधी कुणी जाहीर केलं नाही, त्यामुळे आमच्या घरात तो चालूच राहिला. आईला काही मागितलं की ती म्हणायची, "संप मिटलो की घेऊ." नवा पंखा संप मिटल्यावर. खिडकीला पडदा संप मिटल्यावर. मी कॉलेजात गेले तरी हे वाक्य बदललं नाही. शेवटी आम्ही भावंडं जी गोष्ट कधीच होणार नाही तिला 'संप मिटल्यावर' असं म्हणायला लागलो.

बाबांची नोकरी गेली, पण पाळी गेली नाही. रोज सकाळी आठला डबा घेऊन ते संघटनेच्या ऑफिसात जायचे. तिथे सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीने मजकूर कोरायचा, तो रोळावर चढवायचा, शाई भरायची आणि हँडल फिरवत राहायचं. त्या कामात बाबांच्या हाताला एक लय होती. गिरणीतल्या साच्याची असेल कदाचित. मी ती गिरणी आतून कधी पाहिली नाही, पण बाबांना हँडल फिरवताना पाहून तिचा अंदाज यायचा.

तर अशा घरात वाढून मी दादरच्या एका क्लासमध्ये युनिक्स, म्हणजे कंप्युटर चालवायची एक प्रणाली, शिकले. त्यातही कुणाच्याच मालकीची नसलेली, फुकट वाटता येणारी लिनक्स नावाची युनिक्सची धाकटी बहीण तेव्हा नवी होती, आणि मी तिच्या प्रेमात पडले होते. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं काम, कुणालाही वापरायला, बदलायला मोकळं! मी भेटेल त्याला हे ऐकवायची. शेजारच्या काकी एकदा म्हणाल्या, "लग्नाचं बघा हिच्या."

त्याच सुमारास एका बँकेने तीन कंप्युटर आणि एक भलामोठा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मोडीत काढला. आमच्या चिटणीसकाकांनी तो सगळा माल मागून आणला. चिटणीसकाका ऑफिसचा कारभार बघायचे. भला माणूस, खिशात कायम दोन पेनं, आणि नव्या वस्तूचं लहान मुलासारखं वेड. कमिटीच्या बैठकीत त्यांनी मला बोलावून विचारलं, "कंप्युटर तीन आणि प्रिंटर एक. तिन्ही टेबलांवरून छापता येईल?"

"येईल की," मी म्हणाले. "एका कंप्युटरला प्रिंट सर्व्हर करायचं. प्रिंटर त्याला जोडायचा. बाकीच्या दोघांनी आपलं काम केबलवरून त्याच्याकडे पाठवायचं, तो ते रांगेत लावतो आणि एकेक छापतो. युनिक्सची ही जुनीच सोय आहे."

"किती दिवस लागतील?"

"पुढच्या शनिवारपर्यंत करते."

"मग ते सायक्लोस्टाइल कशाला हवं?" चिटणीसकाका खुशीत म्हणाले. "खोली केवढीशी. प्रिंटर त्याच जागी बसेल. शनिवारी तिन्ही टेबलांवरून छापून दाखव, चार वाजता मी भंगारवाल्याला बोलावतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते इतिवृत्तात लिहिलंसुद्धा गेलं.

बाबा कोपऱ्यात मशीनचा रोळ पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरी जाताना ते म्हणाले, "एका प्रिंटरवर तीन टेबलं?"

"हो."

"मालक आम्हाला सांगायचा, एका माणसाने दोनाऐवजी चार साचे चालवायचे. त्याविरुद्ध शाळेत तू निबंध लिहिला होतास. बक्षीस पण मिळालं होतं."

"बाबा, हे वेगळं आहे."

"मालक पण तेच म्हणायचा."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "शनिवारनंतर मी तिथे काय करू? पंखा चालू-बंद?"

बैठकीत तोंडातून निघालेल्या माझ्या एका वाक्याने मशीन गेलं होतं, आणि मशीनबरोबर बाबांची सकाळची आठची पाळी. मी घाईघाईने म्हणाले, "सर्व्हर तुम्ही चालवायचा. मी शिकवते."

"बघू," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ होकारही नसतो आणि नकारही नसतो.

तीन टेबलं अशी होती. प्रिंटरचं, म्हणजे सर्व्हरचं टेबल बाहेरच्या खोलीत. दुसरं आतल्या खोलीत चिटणीसकाकांचं. तिसरं तळमजल्यावर वाचनालयात, तिथे मावशी बसायची. मावशी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. आता ती वाचनालय सांभाळायची आणि लोकांना अर्ज-पत्रं लिहून द्यायची. दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत केबल न्यायची, तर गॅलरीतूनच न्यावी लागणार. मी ग्रँट रोडहून केबल आणली आणि गॅलरीच्या कठड्यावरून खांबाखांबाला बांधत खाली सोडली.

पहिल्याच दुपारी नेटवर्क पडलं. मी कार्ड तपासलं, टोकं तपासली, सगळ्या सेटिंग तपासल्या. तासाभराने गॅलरीत आले तर ऑफिसच्या शेजारी राहणाऱ्या एका काकींनी माझ्या केबलवर दोन ओल्या चादरी आणि एक गोधडी वाळत घातली होती. ओझ्याने केबल एका टोकाला सुटली होती.

"काकी, ती दोरी नाही. नेटवर्क आहे."

"मग अशी रिकामी कशाला ठेवलीस?"

"रिकामी नाही. आतून काम जातंय."

"जाऊ दे की. मी बाहेरून चादर घातलीय, आत कुठे घातलीय?"

बाबांनी केबलच्या खाली एक खरी नायलॉनची दोरी बांधून दिली आणि प्रश्न मिटवला. त्या आठवड्यात नेटवर्कचं सगळ्यात टिकाऊ काम त्यांनीच केलं असं मी आजही म्हणेन.

मग मी सर्व्हरवर बसले. प्रिंटरची सगळी ओळख एका छोट्या फाइलमध्ये लिहायची असते: त्याचं नाव काय, तो कुठे जोडलाय, आणि आलेली कामं छापून होईपर्यंत कुठे ठेवायची. प्रत्येक गोष्ट दोन टिंबांच्या मध्ये, आणि ओळ पुढे चालू राहणार असेल तर शेवटी एक तिरकी रेघ. मी एका ओळीच्या शेवटी ती रेघ विसरले आणि अख्खा दिवस घालवला. कामं ठेवायच्या जागेला स्पूल म्हणतात, हे मी मावशीला सांगायला गेले तर ती हसायलाच लागली.

"स्पूल तू मला शिकवतेस? बारा वर्षं स्पूल भरल्यात मी. सूत गुंडाळून ठेवायचं आणि पुढच्या खात्याला लागेल तसं सोडायचं. एकदम सोडलंस तर गुंता होतो."

"तेच, मावशी. अगदी तेच."

"मग एवढे पैसे भरून क्लासला कशाला गेलीस? मला विचारायचंस."

तिरकी रेघ सापडली आणि पहिला कागद बाहेर आला. मी त्यावर इंग्रजी अक्षरांत बाबांच्याच पत्रकाच्या ओळी टंकल्या होत्या. पण पहिली ओळ जिथे संपली तिथूनच, एक पायरी खाली, दुसरी ओळ सुरू झाली. तिसरी तिच्याही पुढून. चौथी कागदाच्या काठावरून पडली. युनिक्स ओळ संपली की फक्त 'खाली जा' असं सांगतं. 'डावीकडे परत ये' हे प्रिंटरला वेगळं सांगावं लागतं, आणि मी ते सांगितलं नव्हतं.

बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यां पत्रक आसा काय चाळीचो जिनो?"

रागावले किंवा खुशीत आले की बाबा मालवणीत शिरायचे. हे कुठलं होतं ते मला कळलं नाही. मी मजकूर मध्येच दुरुस्त करणारा दोन ओळींचा प्रोग्राम, म्हणजे फिल्टर, लिहून जिना सरळ केला. बाबांनी तो वाकडा कागद मात्र टाकला नाही. पाठ कोरी होती ना!

त्यानंतर ते हळूहळू टेबलाजवळ खुर्ची ओढून बसायला लागले. प्रत्येक कामाआधी प्रिंटर एक पान पाठवणाऱ्याच्या नावाचं काढायचा. मला ते कागदाची नासाडी वाटलं. बाबा म्हणाले, "राहू दे. गिरणीत प्रत्येकाला तिकीट नंबर होता. काम कोणाचं ते कळायला नको?" तरी मी ते बंद केलं. वाचनालयातून मावशीने पहिलं काम पाठवलं तर सर्व्हरने तुमच्या कंप्युटरला प्रिंटर वापरायची परवानगी नाही असं उत्तर दिलं. बाबा आनंदले. "गेटपास नाही तिचा!" ज्यांना आत घ्यायचं त्यांची नावं एका फाइलमध्ये लिहायची असतात. मावशीच्या कंप्युटरचं नाव त्यात बाबांनी स्वतः टंकलं, एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत.

मी मग त्यांना रांग सांभाळायच्या कमांड शिकवल्या, आणि शिकवताना फार हुशारी केली. म्हणाले, "बाबा, 'स्टॉप' म्हणजे संप. प्रिंटर हातातलं काम पुरं करतो आणि थांबतो, पण बाहेरून कामं येऊन रांगेत बसतच राहतात. 'डिसेबल' म्हणजे गेट बंद. नवं काम आत येत नाही, पण आतलं छापणं चालू राहतं." मला हा दाखला इतका आवडला की मी तो चिटणीसकाकांनाही ऐकवला.

शुक्रवारी मी खाली वाचनालयातून पानं सोडून बघत होते. वरून कागद अडकल्याचा करकर आवाज आला. मी चौकातून ओरडले, "बाबा, संप! संप करा!"

"केला!" वरून आवाज आला. करकर थांबली नाही. मी धावत वर गेले. प्रिंटर कागद चावत होता, रोळाभोवती लगदा झाला होता, आणि बाबा समाधानाने बसले होते. पडद्यावर कमांड होती, डिसेबल.

मी स्विच बंद केला. "मी संप म्हटलं होतं!"

"संपच केला."

"तुम्ही गेट बंद केलंत, बाबा. आतलं काम चालूच राहिलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मग संपात काय झालं होतं? आम्ही बाहेर आलो आणि गेट बंद झालं. कापड थांबलं का? मालकाने भिवंडीच्या मागांवर विणून घेतलं. आम्ही तेवढे थांबलो." आणि मग, अगदी सहज, "तुझा दाखला पुस्तकातला आहे."

मी अर्धा तास रोळावरचा लगदा काढत बसले. त्यानंतर मी एकही दाखला दिला नाही. बाबांनीच मॅन्युअलची छापलेली पानं मागून घेतली. रात्रशाळेतलं इंग्रजी आणि एक जुना शब्दकोश एवढ्यावर ते ती वाचायला लागले आणि प्रत्येक कमांड आपल्या वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतली. एका कमांडवर त्यांनी बोट ठेवलं. "ही 'डाउन' चांगली आहे. संप आणि टाळेबंदी एकदम. वर आपला निरोप पण लिहिता येतो. जो कोणी रांग बघेल त्याला दिसतो." दुसरीवर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही 'टॉपक्यू' कशाला?"

"रांगेतलं एखादं काम उचलून पहिल्या नंबरावर आणायला."

"म्हणजे वशिला."

"घाई असते कधीकधी."

"मी सहा वर्षं बदली होतो," बाबा म्हणाले. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, आत कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. "पहाटेपासून पहिला उभा असायचो. मग जॉबर, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम, यायचा आणि मागच्या कोणाच्या तरी खांद्याला हात लावायचा, तू चल." त्यांनी वहीत ती कमांड लिहिली आणि तिच्यावर एक रेघ ओढली.

शनिवार उजाडला. तीन वाजता कमिटीचे चार-पाच जण जमले. भंगारवाला वेळेआधीच येऊन जिन्यात बसला होता, त्याचा काटा शेजारी टेकवून ठेवलेला. मी सर्व्हरवरून सोमवारच्या गेटसभेचं पत्रक सोडलं. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत टंकायचा, एक प्रोग्राम त्याचं देवनागरी करायचा, आणि प्रिंटर ते टिंब टिंब करत चित्रासारखं काढायचा. पहिली ओळ सरळ उमटली तेव्हा कमिटीने चक्क टाळ्या वाजवल्या. खालून मावशीने तिचं पत्र पाठवलं. ते रांगेत पत्रकाच्या मागे येऊन बसलं. हे पत्र वडाळ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराचं होतं. तो दुपारी एकपासून खाली बाकावर बसून होता आणि त्याला पाच वाजायच्या आत ते वकिलाकडे पोचवायचं होतं. तिसरं काम चिटणीसकाकांच्या टेबलावरून आलं. त्यांचा वार्षिक अहवाल, बारा पानांचा.

म्हणजे तिन्ही टेबलं चालली. मी जिंकले होते.

चिटणीसकाका बाहेर आले, कागद पुढे सरकवत असलेल्या प्रिंटरकडे कौतुकाने बघत म्हणाले, "सगळे जमलेच आहेत तर माझा अहवाल आधी काढा ना. कमिटीला दाखवून टाकू. ती एक कमांड आहे म्हणालीस ना तू, वर आणायची?"

"मध्ये मावशीचं पत्र आहे," बाबा म्हणाले.

"अहो एका पानाचं पत्र, होईल की नंतर."

"मग एका पानालाच आधी होऊ दे."

चिटणीसकाकांनी माझ्याकडे पाहिलं. कमिटीने माझ्याकडे पाहिलं. जिन्यातून भंगारवाल्याने पण डोकं आत घातलं. आता एवढ्यावरून वाद नको, चाचणी नीट पार पडू दे, असा विचार माझ्या मनात आला. तो विचार मी किती पत्रकांत, किती मॅनेजरांच्या तोंडी वाचला होता! पण त्या क्षणी तो मला माझाच वाटला. मी बाबांच्या खांद्यावरून हात घातला, कीबोर्ड पुढे ओढला आणि टॉपक्यू टंकलं. अहवाल उचलला जाऊन मावशीच्या पत्राच्या पुढे बसला.

खांद्यावरून हात. मागच्याला पुढे. मला ते एंटर दाबल्यावर कळलं.

बाबांनी कीबोर्ड परत आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने, सावकाश काहीतरी टंकलं. प्रिंटरने हातातलं पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत पुरं केलं आणि थांबला. खोली एकदम शांत झाली. बाबांनी हाताची घडी घातली.

"काय झालं?" चिटणीसकाका म्हणाले. "बंद पडला?"

मी रांग बघायची कमांड दिली. वर इशारा होता की प्रिंटर बंद आहे, आणि त्याच्यापुढे इंग्रजी अक्षरांत बाबांचा निरोप. रांग मोडली. संप.

"अहो, हे काय!" चिटणीसकाका म्हणाले. "तुमच्याच मुलीने केलंय ते."

"घरी मुलगी," बाबा म्हणाले. "इथे व्यवस्थापन."

मी काय बोलले ते मला आजही आठवतं, आणि आठवलं की कान गरम होतात. मी म्हणाले, "बाबा, चर्चेने मार्ग निघेल. आधी काम सुरू करा." दुसरीतली मुलगीसुद्धा ओळखेल असं वाक्य. मी तर त्यावरून जोडाक्षरं शिकले होते.

"आधी मागण्या," बाबा म्हणाले. खालून मावशी वर आली होती. तिने पडद्यावरचा निरोप वाचला आणि बाबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिच्यामागून वडाळ्याचा म्हातारा. एकाचे तिघं व्हायला एवढाच वेळ लागला. कमिटीतला एक जण हळूच खुर्ची सरकवून त्या बाजूला गेला. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय!

बाबांनी खणातून तो चाळीच्या जिन्याचा कागद काढला, उलटा केला आणि पाठीवर लिहायला लागले. सुरुवात अर्थातच 'बंधूंनो आणि भगिनींनो' अशी. मागण्या तीन होत्या. मावशीचं पत्र आधी निघेल. रांग मोडणारी कमांड इथे कोणी, कोणासाठीही, वापरणार नाही. तिसरी अशी होती. कुठलंही मशीन काढायचं किंवा आणायचं असेल, तर ते चालवणाऱ्या माणसाला आधी विचारलं जाईल.

चिटणीसकाकांनी ती वाचली. चष्मा काढला. ते मुळात भले गृहस्थ होते. म्हणाले, "हे खरंच विचारलं नाही आपण." मग म्हणाले, "बरं, आता विचारतो. बोला."

"सोमवारी गेटवर पत्रकं किती लागतील?"

"पाचशे तरी."

"ह्याला एका पानाला सहा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. कर गो गणित."

लहानपणी मला गणितात शून्य मिळालं असेल, पण एवढं जमलं. पन्नास तास. सोमवार सकाळ त्याच्या आधी येत होती. आठवडाभर मी केबल, फाइल, फिल्टर, परवानग्या सगळं पाहिलं होतं, पण पत्रक म्हणजे पाचशे पत्रकं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कारण ती मी कधी काढली नव्हती, फक्त वाचली होती.

"हा प्रिंटर सुयांनी ठोकतो ना?" बाबा म्हणाले. "टाइपरायटरने स्टेन्सिल कापायचं असेल तर आम्ही रिबन काढून टाकायचो. तू रिबन काढ."

"मावशीचं पत्र निघालं की काढते," मी म्हणाले. बाबांनी कपाटातून एक कोरं स्टेन्सिल आणून प्रिंटरशेजारी ठेवलं, कडा बोटाने सरळ केल्या. मग मी बाबांच्या समोर बसून मागणीपत्राच्या तळाशी सही केली. सहीसाठी एकच जागा उरली होती. तिथे बाबांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'व्यवस्थापनातर्फे'. आमच्या घराण्यात त्या शब्दावर सही करणारी मी पहिली.

चिटणीसकाकांनी आपला अहवाल रांगेतून काढून घेतला आणि बाबांनी प्रिंटर सुरू केला. आधी मावशीचं पत्र निघालं, आणि म्हातारा ते घेऊन, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत गेला. मग मी रिबन काढली, बाबांनी स्टेन्सिल बसवलं आणि पत्रक पुन्हा सोडलं. सुयांनी मेणात अक्षरं टोचली. स्टेन्सिल रोळावर चढलं, शाई भरली, आणि बाबांचा हात हँडलवर गेला. चिटणीसकाकांचा अहवाल तिसऱ्या नंबरावर होता, तो पुन्हा पाठवल्यावर, रिबन लावून, तिसऱ्या नंबरावरच निघाला. तोवर ते स्वतः पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. भंगारवाल्याला चहा दिला, कंप्युटरची रिकामी खोकी दिली. तो जाताना मशीनकडे बघून म्हणाला, "चालतंय की हे. मला कशाला बोलावलंत?"

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. बाबांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत शाई होती. आज मशीन जाणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने आधी हात पाहिले आणि मग तोंड.

"काय केल्यात आज?"

"संप," बाबा म्हणाले.

आईचा हात भाकरीवर थांबला. "परत?"

"मिटलो."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली.

"मागण्या?" तिने विचारलं.

"सगळ्यो," बाबा म्हणाले, आणि हात धुवायला मोरीत गेले.

आईने पुढची भाकरी थापायला घेतली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मगे आता पंखो घेवक होयो."